माळीबुवांची मान

४ फेब्रुवारी

पुतणीच्या हुकमावरून ही डायरी लिहायला घेतली आहे. "काकू, तू बोलत नाहीस, निदान लिही तरी," म्हणाली. ती शाळेत शिकवते. कुणाला काही झालं की त्याला लिहायला बसवावं, असं तिला वाटतं. बरं, लिहिते.

जाऊबाई नोव्हेंबरात गेल्या. पुतणीची आई, माझी थोरली जाऊ. आमच्या दोघींच्या नवऱ्यांनी लवकरच आटोपतं घेतलं होतं, त्यामुळे दोन भावांचं घर दोन जावांचं झालं ते झालंच. पुतणी लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि रोज येऊन मी जेवले का ते बघून जाते.

लोक भेटायला येतात. माझा हात हातात घेतात, स्वतःचेच डोळे पुसतात. मी त्यांच्या खांद्यावरून गॅसकडे बघत असते, चहा उतू जातोय का म्हणून. मला काही वाटत नाही. हे मी पुतणीला सांगितलेलं नाही, पण तिच्या लक्षात आलं असावं. परवा भांडी घासता घासता म्हणाली, "आई गेल्यावर तू एकदाही रडली नाहीस, काकू." मी म्हटलं, "हो." मग ती बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. मला त्याची धास्ती वाटते. इतकी वर्षं एका छपराखाली काढली आणि डोळ्यांतून टिपूस नाही. मला त्यांच्याबद्दल काही वाटतच नव्हतं की काय?

८ फेब्रुवारी

बाहुल्यांचं ठरलं. संग्रहालयातले एक गृहस्थ येऊन गेले. फार सभ्य माणूस. पांढरे हातमोजे चढवून त्यांनी ट्रंकेतली एकेक बाहुली खांद्याला धरून उचलली आणि टेबलावर आडवी ठेवली. हातबाहुलीत हात घालायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. मार्चच्या शेवटी येऊन सगळ्या नेणार, काचेच्या कपाटात ठेवणार, वर दिवा लावणार. पुतणीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "न्या."

आम्ही दोघी बाहुल्यांचे खेळ करायचो. कामाची वाटणी अशी होती. पद्यं जाऊबाईंची, आवाज जाऊबाईंचा, हात माझे. त्यांचा खांदा धरलेला, हात वर जायचे नाहीत. मी उंच, पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी दातखीळ बसायची. त्यामुळे पडद्यामागे मी हात वर करून उभी, आणि त्या माझ्या गुडघ्याशी स्टुलावर बसून म्हणायच्या. "धाकटे, हात वर," एवढी आमची नांदी. खेळ चालू असताना मी त्यांचं तोंड कधी पाहिलं नाही, डोक्याचा वरचा भाग तेवढा पाहिला. आणि बाहुल्या समोरून कशा दिसतात तेही मला ठाऊक नाही. त्यांच्या झग्यांचे घेर मात्र मी खालून ओळखते.

बाहुल्यांची डोकी आमच्या परसातल्या वेलाची. छोटे कडू भोपळे वेलावरच वाळू द्यायचे, मग ते हलके होतात आणि बोटावर पेलतात. जाऊबाईंना तेवढा दम नसायचा. हिरवट असतानाच तोडून आणायच्या, ते आतून सडायचे, आणि आमचं भांडण व्हायचं. माळीबुवांचं डोकं तेवढं त्यांनी वेळेवर तोडलं. एका गालात फुगीर आहे. "तुझ्या नवऱ्यासारखं झालंय बघ," म्हणाल्या होत्या. झालं होतं खरं.

माळीबुवा पेरतो आणि काही उगवत नाही, म्हणून तो मातीशी भांडतो, एवढीच गोष्ट. मुलांना ते पद्य फार आवडायचं.

माती गं माती, झोपलीस का?
माझ्यावर काही कोपलीस का?
एवढासा दाणा दिला तुला,
तो एकटीनंच संपवलास का?

तिसऱ्या ओळीत 'दाणा' म्हटलं की त्यांना दम लागायचा. दमा होताच. मोठ्यानं श्वास घ्यायच्या आणि मग पुढे 'दिला तुला'. मुलांना वाटायचं म्हातारा उसासा टाकतोय, ती खदखदून हसायची. शेवटी शेवटी जाऊबाईही म्हणायला लागल्या की ते मुद्दामच बसवलंय.

१३ फेब्रुवारी

मोठ्या बागेच्या देखरेखीला ज्या बाई आहेत त्या आल्या. बुटात चिखल, म्हणून दारातच उभ्या राहून बोलल्या. बागेतला उघडा मंच दुरुस्त केलाय, तेवीस मार्चला तो सुरू करायचाय, पहिला खेळ आमचा हवा. मी म्हटलं, "आवाज गेला आमचा." त्या म्हणाल्या, "माहीत आहे हो. दुसरा बघू की." बाई सरळ आहेत. त्यांच्या बागेतली रोपंही सरळ असतात, वाकडं दिसलं की त्या काठीला बांधून टाकतात.

पुतणी म्हणाली, "बाहुल्या जायच्या आधी एकदा होऊ दे ना, काकू." तिचा चेहरा बघितला आणि 'हो' म्हटलं. 'नाही' म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

१९ फेब्रुवारी

दुसरा आवाज सापडला. देवा रे.

हे गृहस्थ बसचे कंडक्टर होते. निवृत्त झाल्यापासून बागेत फिरतात आणि दर गुरुवारी तिथल्या बाकांवर म्हाताऱ्यांचं कवितावाचन भरतं त्यात वाचतात. मी एकदा ऐकलंय. प्रेमावरची कविता होती, पण एकेका कडव्यानंतर पुढचा थांबा सांगितल्यासारखं थांबत होते. आवाज मात्र दणदणीत, चार वाफे ओलांडून जाणारा. बागेच्या बाईंनी त्यांना विचारलं आणि ते लगेच तयार झाले.

"ताई, तुमच्या जाऊबाईंची सर मला यायची नाही," पहिलंच वाक्य. मी म्हटलं, "नाहीच यायची." ते हसले. मला हसू आलं नाही, पण माणूस वाईट नाही असं वाटलं. पुतणीनं त्यांना जुन्या खेळाचा व्हिडिओ पाठवला, चाल कळावी म्हणून. कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाला कुणीतरी फोनवर काढलेला आहे.

२४ फेब्रुवारी

पहिली तालीम, बागेतल्या अवजारांच्या खोलीत. फावडी, पाण्याच्या नळ्या, शेणखताचा वास. पडदा दोन खिळ्यांना बांधला. बागेच्या बाई समोर उलट्या बादलीवर बसल्या. कंडक्टर स्टुलावर मावले नाहीत, त्यांच्यासाठी खताचं पोतं ठेवलं.

हात वर केले. इतक्या महिन्यांनी खांदा दुखेल असं वाटलं होतं, दुखला नाही. माळीबुवा वर गेले ते आपलेआपण गेले म्हणायचे. कंडक्टर सुरू झाले, माती गं माती. चार ओळी झाल्यावर बागेच्या बाई म्हणाल्या, "त्याची मान का पडते हो मध्येच? 'दाणा दिला'ला. बाहुली मोडल्यासारखी वाटते."

पुन्हा केलं. पुन्हा म्हणाल्या, "आत्ता. आत्ता पडली. ते पुढे निघून गेले आणि हा आपला खाली बघत बसलाय." खालून मला काय दिसणार? घरी आणून बघितलं. मानेचं कापड विरलंय. दोऱ्यानं गच्च आवळलं.

२८ फेब्रुवारी

मान पडतेच आहे. आज मानेतली पुठ्ठ्याची नळी बदलली. जुनी जाऊबाईंनी औषधाच्या खोक्याची केली होती, आत गोळ्यांचं नाव अर्धं दिसत होतं. ती फेकून दिली. नवी जाड पुठ्ठ्याची केली, बोट घट्ट बसतं.

आज त्यांच्या साड्यांचं कपाटही पुतणीनं आवरलं. मला विचारलं, "तुला एखादी हवी?" मी म्हटलं, "नको, मला त्या आखूड होतील." ती खोलीबाहेर गेली. काय चुकलं ते मला कळलं नाही. साडी आखूड होत नाही, हे नंतर लक्षात आलं.

४ मार्च

हाडाच्या डॉक्टरकडे गेले. पहिलं बोट वाकवून बघितलं, दाबून बघितलं, फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमचं बोट माझ्यापेक्षा चांगलं आहे." मग ते मधेच का वाकतं? म्हणाले, "तुम्हीच वाकवत असणार." मी म्हटलं, मी कशाला वाकवू? तर म्हणाले, रात्री झोप लागते का, भूक लागते का. मी लागते म्हणून सांगितलं. दोन्ही खोटं.

७ मार्च

उपाय सापडला. बागेच्या बाईंनीच सुचवला. रोपाला बांधतात तसली बांबूची एक काडी त्यांनी कापून, घासून दिली. ती बोटाला चिकटपट्टीनं बांधली आणि वर माळीबुवांना चढवलं. आता वाकू म्हटलं तरी वाकता येत नाही. भात शिजेपर्यंत रोज ओट्यापाशी उभी राहून मनातल्या मनात चारही ओळी म्हणते आणि हात चालवते. चिवटपणात माझा हात कुणी धरणार नाही. जाऊबाई म्हणायच्या, धाकटीला एखाद्या गोष्टीच्या मागे लावून द्यावं आणि आपण निजावं.

तिसऱ्या ओळीला बोट काडीवर दाबलं जातं. दरवेळी, अगदी तिथेच. दुखतं, पण दुखल्याचंही विशेष काही वाटत नाही.

१२ मार्च

तालमीनंतर कंडक्टर पोत्यावरून उठेनात. गुडघे धरले असतील म्हणून मी हात पुढे केला, तर म्हणाले, "ताई, एक बोलू? ते मान खाली घालणं राहू द्या ना. मला बरं वाटतं ते. मीच जरा तिथे थांबत जाईन."

मी म्हटलं, "थांबायचं काही कारण? ओळ तुटते."

"तुम्ही तो जुना व्हिडिओ बघितलाय का?"

"मला काय बघायचाय? मी तिथेच होते."

ते काहीतरी बोलणार होते. मग टोपी झटकली आणि म्हणाले, "बरं. चला, पुढे चला." बाहेर नळावर हात धूत ते बराच वेळ उभे होते. माणसाला कवितेची हौस असली की तो जरा विचित्र वागतो. मी काही मनावर घेतलं नाही.

१७ मार्च

आज काडी न बांधता केलं. मान पडली नाही. बागेच्या बाईंनी बादलीवरून उठून टाळ्या वाजवल्या. "आता कसा ताठ दिसतो!" म्हणाल्या. पुन्हा केलं, पुन्हा केलं, एकदाही पडली नाही. काम फत्ते झाल्यावर बरं वाटायला हवं. पूर्वी वाटायचं. कंडक्टर घसा बसलाय म्हणाले आणि निघाले.

परसात वेलावर या वर्षीचे भोपळे वाळलेत. जाऊबाईंनीच बी टोचलं होतं. यंदा तोडायची घाई करायला कुणी नाही, त्यामुळे चांगले खुळखुळ वाजेपर्यंत वाळलेत. पुतणी म्हणाली, तोडू का. मी म्हटलं, आता डोकी करून ठेवायची कुठे?

२३ मार्च, दुपार

खेळ झाला. आत्ताच घरी आले. खुर्च्या कमी पडल्या, मुलं गवतावर बसली. कंडक्टरांनी नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा तशाच होत्या. चुकले कुठेच नाहीत, फक्त तिसऱ्या ओळीत 'दाणा' म्हटल्यावर तालमीत कधी केलं नव्हतं ते केलं. थांबले. चांगला खोल, आवाज करून श्वास घेतला आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी कशाला थांबते? माळीबुवांची मान ताठच्या ताठ राहिली आणि हात पुढच्या ओळीला गेले. मग त्यांना घाईघाईनं गाठावं लागलं. कुणाला कळलं नाही. टाळ्या भरपूर पडल्या.

खेळानंतर त्यांना विचारलं, "थांबायचं नाही असं ठरलं होतं ना?" म्हणाले, "चुकलंच, ताई." डोळे लाल होते. बागेतल्या धुळीनं होतात.

मला काही वाटलं नाही. आता ट्रंक भरायची आहे. उद्या सकाळी संग्रहालयाचे गृहस्थ येणार.

२३ मार्च, दिवेलागण

अक्षर लागणार नाही. तरी लिहिते.

ट्रंक भरताना पुतणीनं फोन टेबलावर ठेवला आणि तो व्हिडिओ लावला. म्हणाली, "या जायच्या आधी एकदा आईचा आवाज ऐकू." मी बाहुल्यांना जुन्या पंच्यात गुंडाळत होते. आवाज आला. माती गं माती. मी वर बघितलं, तर समोरून माळीबुवा. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना समोरून पाहिलं. फुगीर गाल, तिरपा डोळा. किती हुबेहूब म्हातारा दिसतो, मला कुणी सांगितलं कसं नाही?

एवढासा दाणा, जाऊबाई म्हणाल्या, आणि त्यांना दम लागला. तो श्वास ऐकू आला. आणि वर माळीबुवांनी मान खाली घातली. मोडल्यासारखी नव्हे. पडद्याच्या कडेवरून खाली, जिथे स्टुलावर त्या बसायच्या तिकडे बघितलं आणि थांबले. त्यांचा श्वास पुरा होईपर्यंत थांबले. मग मान वर, आणि 'दिला तुला'.

पुतणीनं पुन्हा लावला. पुन्हा तसंच. तो म्हातारा थांबतोय. म्हणजे मी थांबतेय. इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी थांबत होते आणि मला ते माहीतच नव्हतं. त्या गेल्या तरी माझं बोट थांबत होतं. पडद्याखाली बघत होतं. मी त्याला दोऱ्यानं आवळलं, नळी बदलली, काडी बांधली. डॉक्टरकडे नेलं.

मी पुतणीला म्हटलं, "पुन्हा लाव." बोट पुढे करून धरलं, उघडंच. त्यांचा श्वास आला आणि बोट हललं नाही. पुन्हा लाव म्हटलं. नाही हललं. दगडासारखं ताठ. माझं काम मी चोख केलं होतं.

मग मला रडू फुटलं. कसलं रडू म्हणू, ओरडलेच मी. पुतणी धावून आली, मला पोटाशी धरलं, तीही रडायला लागली, "रड काकू, रड," म्हणत. तिला वाटलं मी आईचा आवाज ऐकून रडतेय. मी बोटाकडे बघून रडत होते. जाऊबाई नोव्हेंबरात गेल्या असं सगळे म्हणतात. माझ्याकडून त्या सतरा मार्चला गेल्या, मी स्वतः त्यांना घालवलं.

२४ मार्च

संग्रहालयाचे गृहस्थ वेळेवर आले. पांढरे हातमोजे, दोन माणसं, मऊ कागद. राजा दिला, वाघ दिला, दोन्ही म्हाताऱ्या दिल्या. माळीबुवा माझ्या हातात होते. हातात म्हणजे हातावर.

"काकू, काढ ना तो," पुतणी हळूच म्हणाली.

"नाही."

"अगं, ते थांबलेत."

"चहा दे त्यांना. हा द्यायचा नाही."

गृहस्थ चहा प्यायले. म्हणाले, "आजी, काचेत सुरक्षित राहील हो. इथे कापड विरेल, डोक्याला कीड लागेल." मी म्हटलं, "विरू दे. विरलं की नवं शिवीन." त्यांनी पुतणीकडे बघितलं. पुतणीनं खांदे उडवले, पण मला वाटतं ती हसत होती. ते गेले बाकीच्यांना घेऊन.

मी पुतणीला कंडक्टरांना फोन लावायला सांगितला. ते आले ते चपला न काढताच आत आले, काय झालं म्हणून. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"हो, ताई."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायला गेलो होतो. तुम्ही म्हणालात, मी तिथेच होते." मग चपला काढत म्हणाले, "आणि खरं सांगू? तुम्हाला ते ठाऊक आहे आणि म्हणूनच मोडून काढायचंय, असंही वाटलं मला. अशा वेळी मध्ये कसं पडायचं?"

मला राग आला होता तो गेला. मी जाऊबाईंचं स्टूल आणून माझ्या गुडघ्याशी ठेवलं. ते त्याच्यावर कसेबसे बसले, अर्धे बाहेर. मी म्हटलं, "म्हणा. 'दाणा'ला थांबा. श्वास घ्या, मोठ्यानं."

म्हणाले. श्वास घेतला तो बसचं दार उघडल्यासारखा. पुतणी फिस्सकन हसली, मलाही हसू आलं, नाक पुसावं लागलं. मान हलली नाही.

"इतका मोठा नको. छातीतून, जरा अडकत. पुन्हा."

पुन्हा म्हणाले. मी बोट मुद्दाम वाकवू शकले असते. तसं नाही केलं, ते खोटं झालं असतं. पुन्हा, पुन्हा. त्यांचा घसा सुकला, पुतणीनं पाणी दिलं, पुन्हा. संध्याकाळ झाली. मान एकदाही खाली गेली नाही.

उद्या चार वाजता यायला सांगितलं आहे.